लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी करून घेताना मी फसले, तुम्ही फसू नका

१९९४ साली मिरजेत माझं लग्न झालं. त्याच्या चार व्हीएचएस कॅसेट आईच्या कपाटात साड्यांखाली तीस वर्षं पडून होत्या. बाबा २००९ मध्ये गेले. त्यांचा आवाज आता फक्त या कॅसेटमध्ये आहे, म्हणून त्या डीव्हीडीवर घ्यायचं ठरवलं आणि पुण्यातल्या एका दुकानात दिल्या.

दुकानदार बोलायला फार गोड. "ताई, घरचं काम समजून करतो." कॅसेटमागे ४०० रुपये ठरले. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, "टेपच गेल्यात ताई, चित्र हलतंय. स्टॅबिलायझर मारावा लागेल, कॅसेटमागे ९०० जास्त." मी गेले तर त्याने मॉनिटरवर दाखवलंही. मांडवाचा खांब पाण्यात दिसावा तसा लवलवत होता. माझ्या मुंडावळ्या वरच्या बाजूला कुणीतरी ओढल्यासारख्या तिरक्या. डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर मी विश्वास ठेवला. ५,२०० रुपये रोख मोजले. पावतीवर त्याने एवढंच लिहिलं : 'व्हिडिओ काम'.

घरी डीव्हीडी लावली. चित्र चारही बाजूंनी कापलेलं, गुरुजींचं अर्धं डोकं बाहेर. खांब लवलवतोय तो लवलवतोयच, वर सगळं चित्र झोपाळ्यासारखं डुलतंय. चालणारी माणसं अडखळल्यासारखी. भाच्याने डिस्क कॉम्प्युटरवर तपासली तर ती ७२० बाय ४८० ची, सेकंदाला २९.९७ फ्रेमची निघाली. ही अमेरिकेतली एनटीएससी पद्धत. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम, आणि त्यांची डीव्हीडी ७२० बाय ५७६ ची हवी. म्हणजे मशीनचं साधं सेटिंगही त्याने बघितलं नव्हतं.

दुकानात गेले तर उत्तर एकच : टेपच खराब होती.

मग सांगलीत एक जुने मेकॅनिक भेटले. त्यांनी उभी हयात व्हीसीआर दुरुस्त करण्यात घालवलेली. त्यांनी कॅसेट आधी मशीनमध्ये घातलीच नाही. बाजूची बारीक कळ दाबून पुढचं झाकण उचललं, टॉर्च मारला. तिसऱ्या कॅसेटच्या गुंडाळीवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी होती. "ही न पुसता चालवली की घाण टेप वाचणाऱ्या हेडवर बसते, मग पुढच्या चांगल्या टेपवरही मुंग्या येतात," ते म्हणाले. माझ्या चौथ्या कॅसेटच्या डीव्हीडीवर सगळीकडे मुंग्या होत्या, पहिल्या दोन्हींवर नव्हत्या.

त्यांनी समजावलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाल व्हीसीआरचा ड्रम, म्हणजे आतलं फिरणारं नळकांडं, मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि त्यावरची हेड टेपवरच्या तिरक्या रेघा वाचतात. टेपचा ताण जरा कमीजास्त झाला की चित्राची एखादी ओळ किंचित लवकर सुरू होते, एखादी उशिरा. म्हणून उभा खांब वाकडा दिसतो. याला इलाज टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. तो प्रत्येक ओळ क्षणभर धरून ठेवतो आणि नेमक्या वेळेला सोडतो, तेही कॅसेट चालत असतानाच. माझ्या दुकानदाराने मारलेला 'स्टॅबिलायझर' होता हातातला कॅमेरा हलला तर वापरायचं सॉफ्टवेअर. ते अख्खी फ्रेम सरकवतं आणि कडा कापतं, ओळींना हातही लावत नाही. त्या ९०० रुपयांत माझं चित्र सुधारलं नाही, बिघडलं.

मेकॅनिकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसली, ती रेघांवर नेमकी यावीत म्हणून ट्रॅकिंग जुळवलं, टीबीसी असलेल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसचाच वरचा प्रकार) मशीनमध्ये पहिली कॅसेट घातली. खांब सरळ उभा राहिला. मुंडावळ्या सरळ लोंबल्या. मला तिथेच रडू फुटलं, कारण टेप गेलेली नव्हतीच.

तेव्हा काम देण्याआधी आपल्याच कॅसेटची दहा मिनिटं करून मागा आणि त्यात खांब, दाराची चौकट असं काहीतरी उभं बघा, खास करून वरच्या टोकाला. टीबीसी कुठलं आहे ते विचारा आणि मशीन दाखवायला सांगा. 'सॉफ्टवेअरने नंतर करतो' म्हणाला तर कॅसेट उचला आणि निघा. बुरशी आहे का ते स्वतः बघून द्या. पावतीवर कॅसेटची संख्या, पाल, आणि काय दुरुस्ती करणार ते लिहून घ्या. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण 'व्हिडिओ काम' या दोन शब्दांवर माझं म्हणणं सिद्ध करणं मला जड जातंय. चांगल्या मशीनही आता दुर्मीळ झाल्यात, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे घाई करणारे दुकानदार वाढलेत.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. चौथ्या कॅसेटमध्ये पाठवणी आहे. त्या जागी टेपची खालची कड चुरगळलेली निघाली. चित्राची चाल जुळवणारा कंट्रोल ट्रॅक त्याच कडेला असतो, त्यामुळे आता तिथे आलं की चित्र तुटतं, मेकॅनिकांच्या मशीनमध्येसुद्धा. दुकानाच्या डीव्हीडीत मात्र तो भाग सलग आहे, म्हणजे टेप चुरगळली ती त्यानंतर, दुकानदाराच्याच मशीनमध्ये. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून "जा पोरी" म्हणतात, ते आता फक्त त्या कापलेल्या, लवलवत्या डीव्हीडीत उरलंय. तिच्या मी तीन प्रती करून ठेवल्या आहेत.