वेलांटी आधी का लिहायची? – सोलापुरात सात रस्त्याकडचा वाचनाचा क्लास

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो जिन्यासाठी आणि रिपोर्टसाठी, ते खाली सांगते.

आमचा मुलगा पाचवीत आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर हिंदी. अशोक चौकाकडच्या कुठल्याही घरात असतं तसंच. तिसरीपर्यंत त्याला धडा तोंडपाठ असायचा, पण वाचता यायचा नाही. बोट शब्दाखाली आणि नजर माझ्या तोंडाकडे. एका मॅडमनी सांगितलं, घरात तेलुगू बंद करा. सासूबाई दोन महिने नातवाशी मोडक्या मराठीत बोलल्या. वाचन होतं तिथंच राहिलं, आजीच्या गोष्टी तेवढ्या बंद पडल्या. मग मेंदू 'जागा' करणाऱ्या एका क्लासला साडेसात हजार भरले. डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायचे. पट्टीच्या खालून दिसतं, हे आमच्या पोरानंच आठवड्यात येऊन सांगितलं. त्या पैशाचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी रीतसर तपासणी केली. बुद्ध्यांकाची वेगळी, वाचन-लेखनाची वेगळी. डिस्लेक्सिया निघाला. बुद्धी चांगली आहे, अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालायला त्याला वेळ लागतो, असं त्यांनी समजावलं. तिथंच या क्लासचा पत्ता मिळाला.

पहिल्या दिवशी बाईंनी ताटात रवा पसरला आणि 'दिवस' लिही म्हणाल्या. यानं 'दविस' लिहिलं. नेहमीसारखा हात मागे ओढला आणि मान खाली. चौथीत याच शब्दाला त्याला शंभरदा लिहायची शिक्षा झाली होती, आणि शंभरच्या शंभर वेळा 'दविस'च लिहून आला होता. बाईंनी रवा पुसला नाही. विचारलं, "असं का लिहिलंस रे?" बराच वेळ गेला. मग हा म्हणाला, "आधी द ऐकू येतो, मग इ. मग वेलांटी द च्या नंतर नको का?"

बाई म्हणाल्या, "बरोबर विचारलंस. ऐकू येते नंतर, लिहायची आधी. ही लिपीची खोड आहे, तुझी नाही."

मी दारात उभी होते. दहा वर्षांत त्याच्या चुकीला काही कारण असेल असं माझ्यासुद्धा डोक्यात आलं नव्हतं. मी फक्त लाल शाई बघत होते.

या क्लासचं खरं काम मला हेच वाटतं. बाई उठसूट शाब्बास म्हणत नाहीत. 'तू हुशार आहेस' सांगून पोरं फसत नाहीत. आमच्याला तर ते ऐकलं की कळायचं, आता काहीतरी बिघडलंय. इथं वहीच्या मागच्या पानावर त्याची चूक, तिचं कारण आणि त्यावरची युक्ती, तिन्ही त्याच्याच अक्षरात असतात. 'सूर्य' मधला रफार य च्या डोक्यावर का बसतो, याचं त्यानं चित्रच काढलंय: र गच्चीवर चढून बसलाय. भ आणि म, घ आणि ध यांच्यासाठी रंगीत खडू. सगळ्यांसमोर अचानक उभं करून वाचायला लावत नाहीत. आधी घरी तयारी, मग वाचन.

शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं एका मुलानं इतरांना काहीतरी शिकवायचं. मी घरी शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळे ह्यानं शिलाई मशीनची सुई बसवायला शिकवली. बाईंना जमेना. हा म्हणतो, "चपटी बाजू बघा आधी, बाई, घाई करू नका." रिक्षात बसल्यावर तीनदा तेच सांगितलं.

डिस्लेक्सिया जाणार नाही, हे बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं. तीन महिन्यांत बरा करतो म्हणणाऱ्यांकडून आल्यावर ते कडू लागलं, पण विश्वास तिथंच बसला. घरातलं तेलुगूही चालू ठेवा म्हणाल्या, त्यानं हे होत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण धरलेली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

आता तक्रारी. फी महिन्याला अठराशे, आमच्यासारख्यांना जड आहे. आईबापांना बसायला जागा नाही, जिन्यात उभं राहायचं, मे महिन्यात जीव जातो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत रस्ते बंद होते म्हणून दोन तास बुडाले, ते भरून दिले नाहीत. आणि तिमाही रिपोर्ट इंग्रजीत! पोराला मराठी वाचायला शिकवता आणि आईच्या हातात इंग्रजी कागद देता, हे काय? मी विचारल्यावर बाईंनी बसून समजावून सांगितला, पण प्रत्येकीला विचारायचा धीर होईलच असं नाही.

वाचन अजून हळूच आहे. चाचणीत मराठीला बाविसाचे सव्वीस झाले, एवढंच.

पण मालाच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या आता तो लिहितो, स्वतः मागून घेतल्यात. परवा व्यापाऱ्याचा माणूस चिठ्ठी वाचून हसला, "शलिाई म्हणजे काय ओ वहिनी?" मी काही बोलायच्या आत पोरगा आतून पेन घेऊन आला. "वेलांटी मागे राहिली. द्या इकडं." खोडलं, नीट लिहिलं आणि गठ्ठा स्वतःच रिक्षात टाकला.

शनिवारची बॅच भरलीय, बुधवारी जागा आहे असं बाई म्हणत होत्या. जाताना पाण्याची बाटली आणि बसायला सतरंजी घेऊन जा.