फोटोशॉपचं 'लाइफटाइम लायसन्स' देणाऱ्या क्लासपासून सावध

फोटो एडिटिंगचा ऑनलाइन क्लास शोधणाऱ्या डिझाइनच्या मुलांनो, पैसे भरायच्या आधी हे वाचा. माझे १५,८५८ रुपये गेलेत. डेमोचे ४९९, कोर्सचे ७,९९९, फोटोशॉपच्या 'लाइफटाइम लायसन्स'चे २,३६० आणि 'प्रोजेक्ट मिळाला की परत' म्हणून घेतलेलं डिपॉझिट ५,०००. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: ग्रुपमधून काढलं, नंबर बंद.

फुकट व्हिडिओ असताना क्लास कशाला, हावेपोटी फसलीस, असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी ऐका. उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आमचं सगळं काम हाताने. रंगचक्र, स्थिरचित्र, अक्षरलेखन. बाहेर मात्र साध्या कामालाही पहिला प्रश्न, फोटोशॉप येतं का? मराठीतून, संध्याकाळी, लाइव्ह शिकवणारं कोणी दिसलं तर मुलं फी भरणारच. यात हाव कसली?

पण तो डेमो आठवला की अजून डोकं फिरतं. सरांनी मोकळ्या केसांच्या मुलीचा फोटो उघडला, इरेझर घेतला आणि थेट मूळ लेयरवरच, म्हणजे फोटोच्या मूळ थरावरच, बॅकग्राउंड पुसायला लागले. बटा कापल्या गेल्या, कडेला पांढरी रेघ राहिली. कुणीतरी चॅटमध्ये विचारलं, "सर, लेयर मास्क नाही वापरायचा?" उत्तर आलं, "ते ॲडव्हान्स मॉड्यूलमध्ये." मास्क आणि ॲडव्हान्स? तो अगदी सुरुवातीचा धडा! मास्कवर काळा ब्रश फिरवला की भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो, मूळ फोटोला धक्का लागत नाही. इरेझरने पुसून फाइल सेव्ह करून बंद केली की ते गेलंच. तिथेच उठायला हवं होतं. पण मास्क म्हणजे काय हेच जिला शिकायचंय, तिने ते पकडायचं कसं?

लायसन्सचंही तेच. फोटोशॉप बनवणारी ॲडोबी २०१३ पासून नव्या आवृत्त्या वर्गणीवरच देते, म्हणजे त्यांचं 'लाइफटाइम लायसन्स' नसतंच. मला व्हॉट्सॲपवर झिप फाइल आली, सोबत सूचना: अँटिव्हायरस बंद करा, नेट बंद करा. असली फाइल उघडूच नका. उघडली असेल तर दुसऱ्या मशीनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड आधी बदला. फोटोशॉपसारखंच फोटोपिया ब्राउझरमध्ये चालतं, गिम्प हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे. लेयर, मास्क, कर्व्हज (उजेड-रंग कमीजास्त करणं) सगळं त्यात शिकता येतं. आणि ते २,३६० म्हणे २,००० अधिक १८ टक्के जीएसटी! पावतीवर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक नाहीच, पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. पावती आधी मागा.

आता यंत्रणेचं ऐका. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावली तर व्यस्त. लागली तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले. ठाण्यात म्हणाले, "क्लासच लावला ना ताई? मग ही दिवाणी बाब." मग सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे गेले ते खातं परराज्यातलं, तक्रार तिकडे द्या. का म्हणून? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे विद्यार्थिनीने पोलिसांना सांगायचं? बँकेने "पिन तुम्हीच टाकलात" म्हणून विषय मिटवला. वर ऐकवलं, रक्कम लहान आहे. कुणासाठी लहान? आईने भिशीतून काढून दिलेले पैसे आहेत ते!

तक्रारीला जाताना यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), चॅट, पावत्या छापून न्या. ठाण्याने नोंद नाकारली तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते, ती सोयही त्याच कलमात आहे. माझी तक्रार गेली आहे. पोच आली, उत्तर नाही.