टाकुमार ५० मिमी एफ/१.४: नाव नको, नग बघा

पेंटॅक्सच्या स्पॉटमॅटिक कॅमेऱ्याच्या काळातली ही लेन्स मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे आल्यापासून पुन्हा फिरू लागली आहे. तिच्याबद्दलची मतं मात्र दोन टोकांची. कुणी म्हणतं अशी लेन्स पुन्हा झाली नाही, कुणी म्हणतं फोटो पिवळट आणि धुरकट येतात. दोघांचंही खरं असतं, कारण दोघांच्या हातात वेगळे नग असतात.

पहिला घोळ आवृत्त्यांचा. १९६४ मध्ये आलेल्या सुपर-टाकुमारमध्ये आठ काचा होत्या. थोड्याच काळात रचना बदलून सात काचा झाल्या आणि त्यातल्या एका काचेत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य आलं. दोन्हींवर नाव तेच, त्यामुळे फरक ओळखायचा तो लाल रेघेवरून. डेप्थ ऑफ फील्डच्या, म्हणजे किती खोलीपर्यंत फोटो स्पष्ट येतो त्याच्या आकड्यांमध्ये इन्फ्रारेडसाठी एक लाल खूण असते. ती उजवीकडच्या ४ या आकड्याच्या पलीकडे असेल तर आठ काचांची, ४ आणि मधली मुख्य खूण यांच्या दरम्यान असेल तर सात काचांची. १९७१ पासून सात काचांच्याच लेन्सवर बहुस्तरीय कोटिंग आलं आणि नाव सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार झालं. त्यानंतरच्या एसएमसी टाकुमारच्या फोकस रिंगवर धातूऐवजी रबर आहे. आठ काचांची लेन्स पिवळी पडत नाही, म्हणून तिचा भाव चढा असतो. वापरायला घ्यायची असेल तर आमचं मत बहुस्तरीय कोटिंगवाल्या सात काचांच्या बाजूने आहे. समोरून प्रकाश आला की जुन्या कोटिंगच्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट लगेच खाली येतो, हिचा बराच टिकतो.

आता पिवळेपणा. थोरियममुळे काचेचा वक्रीभवनांक वाढतो आणि रंगांचं विखुरणं कमी राहतं, म्हणून त्या काळी ते वापरत. पण त्याच्या किरणोत्सर्गाने काचेच्या आतल्या रचनेत दोष तयार होतात आणि ते निळा प्रकाश शोषतात. लेन्स वर्षानुवर्षं अंधारात पडून असेल तर रंग चहासारखा होतो. पांढऱ्या कागदावर लेन्स धरून मागच्या बाजूने पाहिलं की लगेच कळतं. डिजिटल कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स रंग सावरून घेतो खरा, पण त्यासाठी निळा चॅनेल उचलावा लागतो आणि सावलीच्या भागात नॉइज वाढतो. प्रकाशही कमी पोहोचतो, म्हणजे एफ/१.४ चे पैसे मोजून एफ/१.४ मिळत नाही.

उपाय साधा आहे. दोन्ही टोपणं आणि फिल्टर काढा, लेन्सवरचा ऑटो-मॅन्युअल स्विच मॅन्युअलवर टाकून प्रकाश आत सोडणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. थोरियमची काच मागच्या गटात असते, म्हणून मागची बाजू वर करून ठेवा. खाली चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, म्हणजे आरपार गेलेला प्रकाश परत वर येईल. वर काही सेंटिमीटरवर ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी दिवा लावा. रोज एकदा कागदावर धरून पाहा. काही दिवसांत फरक दिसतो, फारच गडद लेन्सला दोन आठवडे किंवा जास्तही लागतात. दिव्याकडे थेट बघायचं नाही. गरम होणारा दिवा वापरायचा नाही, कारण उष्णतेने ग्रीस पातळ होऊन ते छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर उतरतं आणि चिकटवलेल्या काचांचा जोड सुटू शकतो. उन्हात ठेवूनही पिवळेपणा जातो, फक्त वेळ जास्त लागतो. पण उघडी लेन्स उन्हात ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण: सूर्य एका बिंदूवर एकवटतो आणि खालचं कापड किंवा लाकूड पेटतं. समोरच्या टोपणात आतून फॉइल बसवा आणि टोपण लावूनच लेन्स उन्हात ठेवा.

रंग गेला म्हणजे थोरियम गेलं असं नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं आहे, त्यामुळे लेन्स अंधारात राहिली की पिवळेपणा हळूहळू परततो. आरोग्याच्या दृष्टीने कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात काळजीचं कारण नाही. मात्र ती दिवसभर खिशात बाळगू नये, मागची काच डोळ्याशी धरून भिंगासारखी वापरू नये, आणि फुटली किंवा चरे पडले म्हणून ती काच घासत बसू नये. तिची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणं हा खरा धोका. फक्त कृष्णधवल फिल्म वापरणाऱ्यांनी पिवळेपणाच्या मागे लागूच नये. फुकटचा हलका पिवळा फिल्टर मिळाला म्हणायचं.

विकत घेताना चार गोष्टी हाताने तपासाव्यात. अ‍ॅपर्चर उघडून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसल्या तर बुरशी, सगळीकडे सारखं धुकं दिसलं तर तेलाची वाफ किंवा जोड सुटू लागलेला. धुळीचे कण फोटोत दिसत नाहीत. त्यांच्यावर बोट ठेवून भाव उतरला तर उतरवावा. बुरशी कोवळी असेल तर पुसून जाते, पण तिने कोटिंग किंवा काच खाल्ली असेल तर साफ केल्यावरही नक्षी उरते. नंतर पाती: स्विच ऑटोवर, रिंग एफ/१६ वर ठेवून माउंटवरची छोटी पिन बोटाने दाबा आणि सोडा. पाती झटकन मिटली आणि झटकन उघडली पाहिजेत. आळसावली तर त्यांच्यावर तेल उतरलंय. बहुस्तरीय कोटिंगच्या आवृत्त्यांत लेन्स मोकळी असताना ऑटो-मॅन्युअल स्विच हलत नाही, तेव्हा तो बिघडला असं समजू नका. मागचा बारीक खटका दाबून धरला की हलतो.

चौथी गोष्ट फोकस रिंग. टाकुमारची चांगली रिंग एका बोटाने फिरते आणि सोडाल तिथे थांबते. घट्ट असेल तर आतलं ग्रीस वाळलंय. त्यावर स्प्रेचं तेल मारायचा मोह अनेकांना होतो आणि तिथेच लेन्स जाते: तेल पात्यांवर आणि काचेवर पसरतं. खोलायचीच असेल तर स्क्रू जपानी जेआयएस पद्धतीचे आहेत हे लक्षात ठेवा. साध्या फिलिप्स पेचकसाने त्यांची डोकी झिजतात. समोरची नाव कोरलेली रिंग रबरी हत्याराने दाबून फिरवली की सुटते. हेलिकॉइड, म्हणजे रिंग फिरवली की लेन्स पुढे-मागे नेणारे आटे, वेगळं करताना दोन्ही भाग नेमके कुठे सुटले तिथे खूण करा. त्याच्या आट्यांना अनेक सुरुवाती असतात; चुकीच्या जागी बसवलं तर रिंग छान फिरेल, पण अनंत, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूंवरचा फोकस, हाताला लागणार नाही.

अनंताचं गणित लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरलाही लागू आहे. या लेन्सचं स्क्रूचं माउंट एम४२; त्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. सोनी ई माउंटचं १८ मिमी, म्हणून अ‍ॅडॉप्टर २७.४६ मिमीचा हवा. तो ०.१ मिमीने जरी जाड निघाला तरी पन्नासची लेन्स साधारण २५ मीटरच्या पलीकडे फोकसच करत नाही. म्हणून बनवणारे तो मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, आणि मग रिंग अनंताच्या थोडी पुढे जाते. हा दोष धरू नये. निकॉन एफचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्स मुळातच १.०४ मिमी पुढे बसते आणि अडीच मीटरच्या आसपास अडकते. मध्ये भिंग घातलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण ते चित्र बिघडवतात. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर ही लेन्स लावूच नका. कॅननच्या ईएफ माउंटवर अंतर जमतं, तरी सात काचांच्या लेन्सचा मागचा भाग बाहेर येतो आणि काही फुल-फ्रेम कॅमेऱ्यांत अनंतावर आरसा त्याला घासतो. मिररलेसवर हा प्रश्न नाही. अ‍ॅडॉप्टरला आतून पिन दाबणारी कड असेल तर स्विच कुठेही चालतो. नसेल तर मॅन्युअलवरच ठेवा, नाहीतर रिंग फिरेल पण अ‍ॅपर्चर उघडंच राहील. लेन्स आवळल्यावर आकडे वर न येता बाजूला आले तर अ‍ॅडॉप्टरच्या कडेचे बारीक स्क्रू सैल करून आतली रिंग फिरवून घ्या.

कॅमेऱ्यात ‘लेन्स नसताना शटर चालू’ हा पर्याय सुरू करा आणि आतलं स्थिरीकरण असेल तर फोकल लांबी ५० भरा. फोकस पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा कॅमेरा रंगीत रेघेने दाखवतो त्यावर, विसंबू नका. एफ/१.४ ला पीकिंगची रेघ प्रत्यक्ष फोकसपेक्षा जाड असते, त्यामुळे चित्र मोठं करूनच डोळ्याची पापणी पकडावी. एक मीटरवर फुल-फ्रेमला जेमतेम तीन सेंटिमीटर खोली मिळते, सर्वांत जवळच्या ४५ सेंटिमीटरवर पाच-सहा मिलिमीटर. शिवाय अ‍ॅपर्चर मिटलं की फोकस किंचित मागे सरकतो, म्हणून एफ/२ किंवा २.८ ला फोटो काढायचा तर फोकसही त्याच अ‍ॅपर्चरला करा.

चित्राचं म्हणाल तर एफ/१.४ ला तपशील असतो, पण त्यावर मऊ उजळ पदर येतो आणि झगमगत्या कडांना जांभळी-हिरवी झालर लागते. चेहऱ्यांना हे शोभतं, पानांआडून दिसणाऱ्या आकाशाला अजिबात नाही. एफ/२ ला पदर विरतो, २.८ ला मध्यभाग कडक होतो, कोपरे सुधारायला ५.६ ते ८ लागतं. पाती सहाच, त्यामुळे अ‍ॅपर्चर मिटलं की मागचे दिवे षटकोनी होतात. ४९ मिमीचा धातूचा हूड मात्र घ्याच. जुन्या कोटिंगवर त्याने पडणारा फरक अ‍ॅपर्चर एक पायरी (स्टॉप) मिटवण्यापेक्षा मोठा असतो.

एफ/१.४ ची खरी गरज नसेल तर त्याच घरातली ५५ मिमी एफ/१.८ पाहा. सहा काचा, तीच बांधणी, तीच रिंग, किंमत बरीच कमी, आणि पूर्ण उघडल्यावर कॉन्ट्रास्ट हिच्यापेक्षा चांगला. तिच्या नंतरच्या नगांतही थोरियम आहे, तेव्हा कागदावर धरून पाहणं तिथेही चुकत नाही.