ज्येष्ठमध: जूनपासून वापरतेय, माझा अनुभव

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर बोलायचं, त्यात पावसाळी हवा, त्यामुळे दुपारपर्यंत आवाज बसायचा. म्हणून जूनपासून ज्येष्ठमध सुरू केलं. आता मार्च आलाय.

पूड, गोळ्या, काडी असं सगळं वापरून झालं. माझं मत काडीला. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात काडी मोडून बघा. बाहेरून तपकिरी, आत पिवळी आणि तंतुमय हवी. बोटाच्या पेराएवढा तुकडा गालात धरून सावकाश चघळायचा. लाळ सुटते, घसा ओला राहतो, खाकरणं कमी होतं. बसलेला आवाज लगेच सुटला असं कधी झालं नाही, पण आवाज बसणंच कमी झालंय. घसा जास्त दुखला तर कोमट काढ्याच्या गुळण्या करते. चरकसंहितेत कंठाला हितकर अशा दहा द्रव्यांत ज्येष्ठमध आहेच. शस्त्रक्रियेत भूल देताना घशात नळी घातल्याने जी घसादुखी होते, तीही या गुळण्यांनी कमी होते, असं आधुनिक चाचण्यांतही दिसलंय.

हे हरभऱ्या-वाटाण्याच्याच कुळातलं झाड. मुळाची गोडी ग्लिसिरायझिन या घटकाची, साखरेच्या साधारण ५० पट. सांभाळायचं तेही त्यालाच. शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) निष्क्रिय करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते याच्यामुळे अडतं. मग मूत्रपिंडं मीठ-पाणी शरीरातच धरून ठेवतात, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची मर्यादा सुचवली आहे. मुळागणिक प्रमाण बदलतं, त्यामुळे चमचाभर पुडीतून किती पोटात गेलं ते घरी मोजता येत नाही. "आयुर्वेदिक आहे, कितीही घ्या" असं सांगणाऱ्या दुकानदाराचं कृपया ऐकू नका. मी फक्त शाळेच्या दिवशी एक तुकडा चघळते, सुट्टीत बंद. मधूनमधून रक्तदाब तपासते, तो ठीक आहे. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

काडी मिळाली नाही तर काही जण गुंजेचा पाला सुचवतात. पानवाल्याकडे असतो तो, गोड लागतो, घशाला बराही वाटतो. पण गुंजेच्या लाल-काळ्या बियांत अ‍ॅब्रिन हे जहाल विष असतं. घरात लहान मुलं असतील तर बिया असलेला वेल आणूच नका.