पावडर लावलेली ‘नवी कोरी’ डफल

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या रत्नागिरीकडच्या एका ग्रुपने गणपतीनंतरच्या सेलमध्ये सहा डफल बॅगा (सामान भरायच्या मोठ्या लांबट बॅगा) घेतल्या. ‘90 लिटर, वॉटरप्रूफ, पोर्टर स्पेशल’ असं सांगून दुकानदाराने त्या दिल्या. वाटेतलं नामचे बाजार हे गाव गाठेपर्यंत दोन बॅगांच्या चेन उसवल्या होत्या आणि बाकीच्यांचं आतलं अस्तर स्लीपिंग बॅगच्या कव्हरला चिकटून सोलवटत होतं. एकाच मालात तीन लबाड्या होत्या, आणि तिन्ही दुकानातच पकडता आल्या असत्या.

सगळ्यात मोठी लबाडी अस्तराची. स्वस्त डफलच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट आणि गरम हवेत पडून राहिला की तो पाण्याच्या वाफेनेच विघटित होतो. आपल्याकडे पोटमाळ्यावर दोन-तीन पावसाळे काढलेला माल बाहेरून नवा दिसतो, आतून मात्र चिकट झालेला असतो आणि त्याला आंबूस, ओकारीसारखा वास येतो. हे झाकायला आत टाल्कम पावडर चोळतात. ट्रेकच्या बॅगेला पावडरचा सुवास येण्याचं काहीच कारण नाही, एवढ्यावरून तरी सावध व्हा. बॅग उलटी करा, आतल्या दोन बाजू एकमेकींवर मिनिटभर दाबून धरा आणि सोडवा. चर्रर आवाज आला किंवा नखाने पापुद्रे निघाले तर ठेवून द्या. हा थर एकदा खराब झाला की धुऊन, उन्हात टाकून काही उपयोग होत नाही. कोपऱ्यातल्या शिवणी टेपने बंद नसतील तर बॅग वॉटरप्रूफ नाहीच, कापड कितीही चांगलं असो.

लिटरचा आकडा तर लेबलवर कोणीही छापेल. शिंप्याची टेप न्या. बॅग फुगवून घेर आणि लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 12,566 म्हणजे साधारण लिटर. घेर 126 आणि लांबी 70 असेल तर 88 लिटर भरतात. या ग्रुपच्या बॅगेचा घेर 94 आणि लांबी 60 होती, म्हणजे जेमतेम 42. जाड स्लीपिंग बॅग आणि डाऊन (पिसांचं) जॅकेट कोंबल्यावर तिची चेन ताणली जाणारच.

चेनच्या स्लायडरवर, म्हणजे ओढून चेन उघडतो-लावतो त्या तुकड्यावर, मागे आकडा असतो. मोठ्या डफलला 10 किंवा निदान 8 हवा. इथे 5 होता. खाऱ्या वाऱ्यात पडलेल्या स्लायडरवर पांढरट पूड धरते, तो अडकत चालतो. स्लायडर सैल झाला की चेन मागून उघडते. पक्कडीने दोन्ही कडा हलके दाबल्या तर दोन-चार दिवस निभतं, इतकंच.

आणि ‘पोर्टर स्पेशल’ म्हणून चाकांची बॅग माथी मारत असतील तर सरळ बाहेर पडा. नेपाळात पोर्टर बहुधा दोघांच्या बॅगा एकत्र बांधतो आणि नाम्लोचा पट्टा कपाळावर घेऊन चढतो. चाकं आणि दांडा त्याच्या पाठीत टोचतात, शिवाय दोन-तीन किलो फुकट जातात. मऊ बॅग हवी, आणि उचलायचे पट्टे शिवणीत अडकवलेले नकोत, बॅगेच्या खालून पूर्ण फिरून आलेले हवेत.

जिथून ट्रेक सुरू होतो त्या लुक्लाच्या विमानात साधारण 15 किलोच सामान नेऊ देतात, हातातली बॅग धरून. म्हणून डफल 10 किलोच्या आत ठेवा. पावसाळ्यात ताडपत्रीवाल्याकडे जाड प्लास्टिक मिळतं, त्याच्या दोन पिशव्या करून घ्या: एकीत स्लीपिंग बॅग, दुसरीत कपडे. तोंड पिळून, दुमडून रबर लावायचं. हे केलं तर साधी बॅगही चालते. औषधं, रेनकोट, पासपोर्ट पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये. पॉवर बँकही तिथेच, कारण चेक-इन सामानात ती चालत नाही. पोर्टर पुढे गेला की संध्याकाळपर्यंत डफल हाती लागत नाही.

बिलावर ‘90 लिटर, वॉटरप्रूफ’ हे शब्द लिहून घ्या. नुसतं ‘बॅग 1 नग’ असेल तर पुढे भांडायला काही उरत नाही. फसलात तर बॅग फेकू नका; टेप लावून माप दिसेल असे आणि अस्तराचे फोटो काढा, दुकानदाराला लेखी कळवा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला 2 वर्षांची मुदत असते.