एका हाताने उचललेले खोके: प्रेशर वॉशरच्या खरेदीत माझे २१,८४९ रुपये कसे गेले

१०, ११ आणि १२ ऑक्टोबर २०२५ असे तीन दिवस आमच्या जिल्ह्याच्या गावी एका मैदानावर दिवाळीनिमित्त गृहोपयोगी वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. तिथल्या एका स्टॉलवरून मी घरी गाडी धुण्यासाठी प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणारे यंत्र, घेतला आणि पुरता फसलो. यंत्राचे १८,५०० रुपये, फोम लान्सचे (साबणाचा फेस मारणाऱ्या जोडनळीचे) १,२००, वाढीव वॉरंटीचे १,४९९, घरपोच पोहोचवण्याचे ३५० आणि शेवटी ते उघडून पाहणाऱ्या कारागिराचे ३००, असे एकूण २१,८४९ रुपये गेले. एकतीस वर्षे मी हिशेबनीस म्हणून काम केले आहे, दुसऱ्यांच्या पावत्यांमधल्या चुका काढल्या आहेत, आणि म्हणूनच हे लिहिताना मला रागाइतकीच शरम वाटते.

खरेदी उगीच केलेली नव्हती, हेही सांगतो. मराठवाड्यात आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. वॉशिंग सेंटरवाला एका धुण्याचे ४०० रुपये घेतो, आणि साध्या पाइपने गाडी धुवायची तर टाकी निम्मी रिकामी होते. ड्रममधले पाणी स्वतः ओढून घेणारे, कमी पाण्यात काम करणारे यंत्र मला हवे होते. पंधरा दिवस मी माहिती वाचत होतो. इंडक्शन मोटरचे यंत्र जड असते, आवाज कमी करते आणि वर्षानुवर्षे टिकते. युनिव्हर्सल मोटरचे हलके असते, कर्कश आवाज करते, कार्बन ब्रशवर चालते आणि त्याला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते, हे मला ठाऊक होते. आठवड्यातून एकदा गाडी धुणाऱ्याला युनिव्हर्सल मोटरचे यंत्रही पुरते आणि ते पुष्कळ स्वस्त मिळते. माझी तक्रार त्या मोटरविषयी नाही. मला इंडक्शन म्हणून दुसरेच यंत्र विकले गेले, ही तक्रार आहे.

स्टॉलवर चालवून दाखवलेले यंत्र अस्सल होते. दोन मुलांनी दोन्ही बाजूंनी धरून ते टेबलावर ठेवले, बादलीतून पाणी ओढले आणि चिखलाने माखलेले मडगार्ड मिनिटभरात स्वच्छ केले. आवाज इतका कमी होता की विक्रेता त्याच्या शेजारी उभा राहून माझ्याशी सहज बोलत होता. "काका, इंडक्शन मोटर, तांब्याची वाइंडिंग, २०० बार, डोळे झाकून न्या," असे तो म्हणाला. वाइंडिंग म्हणजे मोटरमधले तारेचे वेटोळे आणि बार म्हणजे दाब मोजायचे एकक. किंमत १८,५००. पक्के बिल हवे असेल तर अठरा टक्के कर धरून २१,८३०. मी ३,३३० रुपये वाचवले आणि शिक्का नसलेल्या, वर 'अंदाजपत्रक' असे छापलेल्या कागदावर समाधान मानले. दिवाळीचा खर्च समोर होता आणि सोबतचे वॉरंटी कार्ड छापील व गुळगुळीत होते, म्हणून मला त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. पैसे यूपीआयने दिले. क्यूआर कोड दुकानाच्या नावाचा नव्हता, एका व्यक्तीच्या नावाचा होता. तेही मी वाचले आणि सोडून दिले.

पण ज्या क्षणाबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात आला. स्टॉलवरचा नग दाखवण्यापुरता असतो, गोडाउनमधून सीलबंद नग पाठवतो, असे त्यांनी सांगितले होते. त्याप्रमाणे विशीतला एक मुलगा दुचाकीवरून आला. एका हातात मोबाइल कानाला लावलेला, दुसऱ्या हातात खोके. फाटकातून आत येऊन, ओट्याच्या चार पायऱ्या चढून त्याने ते खोके एका हातानेच खाली ठेवले, आणि बोलणे एकदाही थांबवले नाही. जे यंत्र आदल्या दिवशी दोघांनी मिळून उचलले होते, ते आज एक मुलगा एका हाताने घेऊन पायऱ्या चढत होता. मी समोर उभा होतो. पाहत होतो. तरीही मी त्याला आधी पाणी विचारले, मग ३५० रुपये दिले आणि गेट लावून घेतले. खोक्यावर जुन्या चिकटपट्टीवर नवी चिकटपट्टी ओढलेली होती, हे मी उघडताना पाहिले. तोपर्यंत दुचाकी गल्लीच्या टोकाला पोहोचली होती. नंतर घरातल्या काट्यावर वजन केले तर ६ किलो ८०० ग्रॅम भरले. तसे इंडक्शनचे यंत्र वीस-पंचवीस किलोंच्या घरात असते.

सुरू केले तेव्हा घरातून पत्नीने विचारले, "अहो, मिक्सर बाहेर कशाला लावलाय?" तिला आवाजावरून जे कळले, ते मला कळूनही मी मान्य करत नव्हतो. ड्रममधून पाणी ओढलेच गेले नाही. नळ जोडल्यावर कसेबसे चालले. १९ ऑक्टोबरला, तिसऱ्यांदा वापरताना, वीस मिनिटांत जळका वास आला आणि मागच्या जाळीतून धूर निघाला. विक्रेत्याचा फोन बंद होता. वॉरंटी कार्डावरचा क्रमांक दोन दिवस वाजत राहिला, मग तोही बंद झाला.

मोटर रिवाइंडिंगच्या कारागिराने यंत्र उघडून काळे पडलेले आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, माझ्यासमोर धरले. तांबूस दिसणाऱ्या तारेवर त्याने ब्लेड ओढले, तेव्हा वरचा लेप निघून आतून चकचकीत पांढरी तार दिसली. "काका, हे तांबं नाही, ॲल्युमिनियम आहे. आणि मोटर मिक्सरच्या जातीची आहे, थोडी मोठी, एवढंच." त्याने प्लगही दाखवला. यंत्रावर २२०० वॅट लिहिलेले आणि प्लग मात्र ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १,४०० वॅटचा.

खोक्यावरच्या आकड्यांचा हिशेब मी खरेदीपूर्वी करायला हवा होता. बारमधला दाब आणि मिनिटाला पडणारे लिटर यांचा गुणाकार करून ६०० ने भागले की पाण्याला मिळणारी ताकद किलोवॅटमध्ये कळते. २०० बार आणि १० लिटर म्हणजे ३.३३ किलोवॅट. २.२ किलोवॅटची मोटर ते देऊच शकत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो क्षणभराचा कमाल दाब; तुम्ही कामकाजाचा दाब आणि लिटर विचारा. घरच्या गाडीला १०० ते १२० बार भरपूर होतात. त्याहून जास्त दाब जवळून मारला तर पुन्हा रंगवलेल्या पत्र्याचा रंग उडतो, म्हणून २०० या आकड्याला भुलण्याचे कारणच नाही.

यानंतर जे झाले त्याचा संताप यंत्राच्या संतापापेक्षा मोठा आहे. प्रदर्शनाचे आयोजक म्हणाले की आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. तीन दिवस ज्याला जागा दिली, ज्याच्याकडून भाडे घेतले, त्याचा पत्ता आपल्याकडे नाही, असे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितले. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते, दुसऱ्या दिवशी साहेब होते पण तक्रार लिहून घेणारे रजेवर होते, आणि तिसऱ्या दिवशी मला सांगण्यात आले की वस्तू मिळाली आहे, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. एक यंत्र दाखवून दुसरेच खोक्यात भरून देणे ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कशासाठी आहे? यावर उत्तर आले, "काका, तुम्ही बिल का नाही घेतलं?" चूक माझी होती, हे मी मान्य करतो. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये बिल न देणे ही विक्रेत्याची अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, आणि त्या चौकीत मात्र आरोपीसारखा मी उभा होतो.

बँकेत गेलो. ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदाराचा पत्ता पोलिसांच्या पत्राशिवाय देता येत नाही, असे शाखेत सांगितले. पोलीस पत्र देत नाहीत, कारण गुन्हा नोंदवलेला नाही. गुन्हा नोंदवत नाहीत, कारण विक्रेत्याचे नाव-पत्ता नाही. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना आणि वर्ष यांपैकी काहीही छापलेले नव्हते. वेष्टित वस्तूंवर हा तपशील असणे २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते खोके घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेलो, तर तिथल्या साहेबांनी खोक्याकडे न पाहता मला विक्रेत्याचा पत्ता आणायला सांगितले. पत्ता छापलेला नाही हीच माझी तक्रार होती. चार ठिकाणी मिळून मी अकरा चकरा मारल्या, आणि एकाही ठिकाणी माझ्या अर्जावर पोच मिळवण्यासाठी मला भांडावे लागले नाही असे झाले नाही.

प्रदर्शनातून असे यंत्र घेणार असाल तर चालवून दाखवलेलाच नग घ्या, आणि तो त्यांनी दिला नाही तर तिथून निघा. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर पैसे देण्यापूर्वी तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहा. दोन मिनिटे लागतात. घरी आलेले खोके पोहोचवणाऱ्यासमोर काट्यावर ठेवा. व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागितले तर देऊ नका. आणि करावरचे पैसे वाचवण्याचा मोह सोडा: मी नाकारलेले पक्के बिल २१,८३० रुपयांचे होते.

जळलेले यंत्र, खोके, अंदाजपत्रक आणि यूपीआयच्या व्यवहाराची छापील प्रत मी जिन्याखाली एकत्र ठेवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे माझ्याकडे ऑक्टोबर २०२७ पर्यंत वेळ आहे. मला केवळ नोटीस बजावण्यासाठी विक्रेत्याचा पत्ता हवा आहे. त्या तीन दिवसांत त्याच स्टॉलवरून कोणी पक्के बिल घेऊन यंत्र नेले असेल, तर ते बिल फेकू नये आणि माझ्याशी संपर्क साधावा, ही विनंती आहे.