पोलिसांचं कार्ड बघितलं आणि अंगावरचं सोनं काढून दिलं

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत मागच्या महिन्यात माझं सात तोळे सोनं गेलं. कुणी हिसकावलं नाही, मी स्वतःच्या हाताने काढून दिलं. वय 61, तीस वर्षं शाळेत शिकवलंय, तरी इतके दिवस कुणाला सांगायची हिंमत होत नव्हती, पण ते लोक अजून सापडलेले नाहीत आणि उद्या तुमच्या आईला नाहीतर मावशीला थांबवतील म्हणून सगळं लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

सकाळी पावणेसातला देवळातून येत होते. मागून एक पोरगा आला, "मावशी, साहेब कधीचे हाका मारतायत, ऐकू येत नाही का?" पलीकडे बाईकवर एक जण बसलेला, केस बारीक कापलेले, खाकी पँट, पायात पोलीस घालतात तसले लाल बूट, वरून काळं जॅकेट आणि त्याची चेन पार गळ्यापर्यंत लावलेली. मला वाटलं थंडी आहे म्हणून. आता कळतंय की छातीवरची नावाची पट्टी आणि बक्कल नंबर दिसू नये, किंबहुना ते नाहीतच हे दिसू नये म्हणून ती चेन होती.

त्याने खिशातून कार्ड काढलं, लॅमिनेशन केलेलं, वर चांदणी आणि मधे हाताचा पंजा, खाली सद्रक्षणाय खलनिग्रहणाय, फोटो. दोन सेकंद दाखवलं आणि ठेवून दिलं. "काल रात्री पुढच्या चौकात चाकू लावून एका बाईचं मंगळसूत्र नेलंय, आम्ही सगळ्यांना सांगतोय अंगावर घालून फिरू नका, आणि तुम्ही खुशाल एवढं घालून निघालात?" असा आवाज चढवला की मी घाबरलेच.

तेवढ्यात तिथून एक माणूस चालला होता, त्यालाही थांबवलं, त्याच्यावरही ओरडले, त्याने गपचूप गळ्यातली चेन काढून दिली, यांनी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि तो "थँक्यू साहेब" म्हणून गेला. तो त्यांचाच माणूस होता हे मला घरी आल्यावर उमगलं. पण त्या वेळी तेच बघून माझा विश्वास बसला.

मंगळसूत्र काढलं, पाटल्या निघेनात, तर तो पोरगा म्हणाला "सावकाश मावशी, लागेल". पाटल्या माझ्या आईने 1988 साली लग्नात घातलेल्या. त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यात सगळं ठेवलं आणि वाण्याच्या दुकानात पूर्वी बांधायचे तशी घट्ट पुडी बांधली, मी हातांकडे बघत होते, डोळ्यासमोर बांधली, आणि तरी पुडी कधी बदलली ते मला आजही सांगता येत नाही. पर्समध्ये त्यानेच टाकली, चेन त्यानेच लावली, "घरी जाऊनच उघडा, चोरांचं लक्ष असतं". घरी उघडली तर दोन लोखंडी बांगड्या आणि खडी.

पोलीस ठाण्यात ड्युटीवरच्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं. त्यांनी पहिलं विचारलं, नाव काय सांगितलं? कुठलं ठाणं? बक्कल नंबर? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही, मी फक्त चांदणी आणि पंजा बघितला होता. मॅडम म्हणाल्या असं कार्ड कुणीही छापून आणतं, कार्ड बघायचं नसतं, वाचायचं असतं. नाव, पद, नेमणूक कुठे आहे ते विचारा, 112 ला फोन लावून खात्री करा, खऱ्या पोलिसाला त्याचा राग येत नाही. आणि रस्त्यात अंगावरचं सोनं काढून पुडीत बांधून द्यायचं काम कुठलाच पोलीस करत नाही, हे एक जरी मला आधी माहीत असतं तरी वाचले असते.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घ्याच. त्यातली कलमं मी नंतर बसून वाचली. भारतीय न्याय संहितेत कलम 204 आहे, सरकारी नोकर असल्याचं सोंग घेऊन त्या नावाखाली काही केलं तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. कलम 205 तर नुसत्या गणवेशावर नाहीतर ओळखचिन्हावर आहे, लोकांनी आपल्याला पोलीस समजावं म्हणून तसा गणवेश घातला किंवा तसं चिन्ह जवळ बाळगलं एवढ्यावर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड. नाटकात खाकी घालणाऱ्याला हे लागत नाही, फसवायचा हेतू असला की लागतं. आणि अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने 1996 सालीच सांगून ठेवलंय, आता ते कायद्यातही आहे.

हेच सोंग आता व्हिडिओ कॉलवर चालतं, खाकी शर्ट, मागे पोलिसांचा बोर्ड, "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणतात. असली अटक कायद्यातच नाही, फोन ठेवा आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या वहिनींना माझ्या पंधरा दिवस आधी याच दोघांनी थांबवलं होतं. त्यांच्या गळ्यातलं खोटं होतं, त्यांनी तसं सांगितलं आणि ते निघून गेले, काही गेलं नाही मग तक्रार कसली करायची म्हणून त्या गप्प बसल्या. मी त्यांना 205 वाचून दाखवलं, काही चोरीला गेलंच पाहिजे असं त्यात कुठेच नाही. त्या खूप रडल्या, मग माझ्याबरोबर ठाण्यात आल्या आणि जबाब दिला. बाईकच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे त्यांना आठवत होते.